इसार घेण्याआधी भाचीचा हिस्सा

प्रश्न : परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं घर आहे. पुढे स्लॅबच्या दोन खोल्या, मागे सात खणांचं जुनं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर. वडील जिल्हा परिषदेत शिक्षक होते; १९७८ साली पगारातून पैसे साठवून त्यांनी रजिस्ट्री करून ते घेतलं. २०१६ मध्ये वडील वारले, आई त्याआधीच गेली होती. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. धाकटी बहीण २०२१ मध्ये गेली. तिची एकुलती एक मुलगी आता १३ वर्षांची आहे. दाजींनी दुसरं लग्न केलं, पण येणं-जाणं चांगलं आहे. माळवद गळतं, मधल्या खणात तुळईला टेकू दिलाय. आता गिऱ्हाईक लागलंय. एजंट म्हणतो, भेगा बुजवून रंग मारा, पाच लाख इसार घ्या, बहिणीकडून आणि दाजींकडून पाचशेच्या बाँडवर हक्क सोडल्याची नोटरी करून घ्या. तुम्ही थोरले म्हणजे कर्ते, तुमची सही चालते. तसं करावं का?

उत्तर : नका करू. इसाराला तर आत्ता हातच लावू नका. रंगाचंही सांगतो, पण आधी भाचीचं बघू. तिचं वय तुम्ही जाता जाता लिहिलंय, आणि सगळा व्यवहार अडणार आहे तो तिथंच.

घर वडिलांच्या स्वकमाईचं. मृत्युपत्राचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, तेव्हा ते नाही असं धरतो. तरी घरातली जुनी ट्रंक एकदा उपसून पाहा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे वडील गेले त्याच दिवशी तुम्हा चौघा भावंडांना सोळा आण्यांतले चार-चार आणे, म्हणजे पाव-पाव हिस्सा मिळाला. धाकटी बहीण त्यानंतर गेली, म्हणून तिचे चार आणे नवरा आणि मुलगी यांच्यात निम्मे झाले. दोन आणे दाजींचे, दोन आणे भाचीचे. दाजींनी नंतर लग्न केलं म्हणून त्यांचा हिस्सा जात नाही. हीच बहीण वडिलांच्या आधी गेली असती, तर दाजींना एक पैसाही नव्हता आणि चारही आणे मुलीचे होते. तारखांवर हिस्से असे फिरतात, म्हणून दोघांचे मृत्यूचे दाखले फायलीत वरच लावून ठेवा.

कर्त्याचं म्हणाल तर तो मुद्दा इथं लागूच होत नाही. कर्ता असतो तो एकत्र कुटुंबाच्या सामाईक मिळकतीला. वडिलांच्या स्वकमाईतून वारसाने आलेला हिस्सा ज्याचा त्याचा स्वतंत्र. थोरलेपणाचा मान लग्नकार्यात, खरेदीखतावर नाही.

भाची कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेली. वडील म्हणून दाजी तिचे नैसर्गिक पालक आहेत, हे खरं. पण हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चं कलम ८ सांगतं, की अज्ञानाची स्थावर मिळकत पालकाला जिल्हा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. विकलीच, तर मुलगी ती विक्री आपल्या हिश्शापुरती रद्द करून मागू शकते, आणि त्यासाठी तिला अठरावं पूर्ण झाल्यापासून ३ वर्षं मिळतात. आज ती १३ वर्षांची, म्हणजे आणखी ८ वर्षं ही टांगती तलवार. आज संबंध चांगले आहेत, ठीक. पण उद्या तिच्या सासरचं कुणी जुने कागद काढून बसलं तर?

दाजी हक्क सोडू शकतात तो स्वतःच्या दोन आण्यांचा. मुलीचा हिस्सा फुकट सोडण्यात मुलीचं भलं काय, या प्रश्नाला कोर्टात उत्तर नाही. शिवाय हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावंच लागतं. नुसत्या नोटरीवर घरातला हिस्सा सुटत नाही, बाँड पाचशेचा असो की पाच हजारांचा. थोरल्या बहिणीकडून तर हक्कसोड घेऊच नका, असं माझं मत. तिला सरळ खरेदीखतात तुमच्यासोबत ‘लिहून देणार’ म्हणून घ्या आणि तिचे पैसे तिच्या खात्यात जाऊ द्या. नको असतील तर ती नंतर कुणालाही देईल.

तेव्हा दाजींनी पालक या नात्याने परभणीच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, कारण मिळकत त्या जिल्ह्यात आहे. कोर्ट पाहतं ते एवढंच : मुलीची गरज आहे का, किंवा विक्रीत तिचा उघड फायदा आहे का. आणि इथं तुमचं गळकं माळवदच कामाला येतं! एजंट ज्या भेगा बुजवायला सांगतोय, त्याच कोर्टाला दाखवायच्या आहेत. टेकू दिलेली तुळई, ओघळ आलेली भिंत, वाहून गेलेली पांढरी माती, सगळ्याचे फोटो काढा. इंजिनिअरकडून दुरुस्तीचं अंदाजपत्रक घ्या, नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून किमतीचा अहवाल घ्या. दुरुस्तीला पैसा नाही, घर दरवर्षी ढासळतंय आणि मिळणारी किंमत रास्त आहे, हे कागदावर दिसलं की अर्जाला जोर येतो. परवानगी देताना कोर्ट बहुधा मुलीचे पैसे ती सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. दाजींना हे आधीच सांगून ठेवा. नंतर रुसवे नकोत.

भेगा झाकू नयेत याला आणखी एक कारण आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, गिऱ्हाईकाला साध्या नजरेने दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतःहून सांगायचा असतो. न सांगणं ही फसवणूक धरली जाते. फोटो आणि अहवाल झाले की माळवदावर पांढरी माती टाका, टेकू पक्का करा, पुढच्या खोल्यांना हवा तर रंगही द्या. त्याला कुणाची हरकत नाही.

इसाराची घाई गिऱ्हाईकाला आहे, तुम्हाला नसावी. मुदत घालून सौदापत्र (इसार घेऊन विक्रीचा करार) केलंत आणि कोर्टाची परवानगी लांबली, तर तो करारपूर्तीचा दावा लावेल आणि तुम्ही दोघे भाऊ त्यात अडकाल. बोलणी टिकवायचीच असतील तर जिल्हा न्यायालयाची परवानगी मिळाली तरच व्यवहार, नाहीतर इसार बिनव्याजी परत, हे कलम सौदापत्रात ठळक घाला. ताबा देऊ नका. रक्कम बँकेतूनच घ्या. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो.

अर्ज कोर्टात असेपर्यंत नगरपरिषदेच्या कर आकारणीत आणि घराला सिटी सर्व्हे लागला असेल तर पीआर कार्डावर (मालमत्ता पत्रकावर) वारसनोंद करून घ्या. भाचीचं नाव ‘अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) वडील’ असं लागेल. या नोंदीने मालकी मिळत नाही, मालकी तुम्हाला आधीच आहे. पण नावं नसतील तर गिऱ्हाईकाचा वकील पुढे सरकणार नाही. १९७८ च्या खरेदीखतातली चतुःसीमा आजच्या शेजाऱ्यांशी ताडून पाहा. पुढच्या स्लॅबच्या खोल्या खरेदीखतात नसतील, म्हणजे वडिलांनी मागाहून बांधल्या असतील, तर त्या कर आकारणीत चढल्यात का हेही बघा.

खरेदीखतासोबत निजामाच्या काळातला उर्दू बैनामा (जुनं विक्रीखत) असेल, तर तो रद्दी समजू नका. आधीच्या मालकाकडे घर कसं आलं, हे त्यात असतं. जाणकाराकडून त्याचं मराठी भाषांतर करून घ्या. गिऱ्हाईकाला झेरॉक्स द्या. मूळ कागद रजिस्ट्रीच्या दिवसापर्यंत तुमच्याच कपाटात राहू द्या.