शहरात संधिवात नक्की किती लोकांना असतो? ऑफिसात आणि घरी सगळ्यांचंच काहीतरी दुखतंय

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात निम्म्या लोकांची मान नाहीतर कंबर दुखते, आईचे गुडघे गेलेत, मावशींची बोटं सकाळी आखडतात, मग शहरात संधिवात एवढा पसरलाय का. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच बघते. दुखणं प्रचंड कॉमन आहे, पण खरा वाताचा आजार त्या मानाने फार कमी लोकांना असतो, आणि दोन्ही एकाच टोपलीत टाकले की ज्याला खरंच आजार आहे तोच मागे राहतो.

आपल्याकडे ह्याची नीट मोजणी झालीय. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या टीमने घरोघरी जाऊन सर्व्हे केला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड पद्धतीने. चार हजारांच्या वर मोठ्या माणसांना विचारलं, गेल्या सात दिवसांत दुखतंय का, कुठे दुखतंय ते शरीराच्या चित्रावर दाखवा, आणि मग डॉक्टरांनी तपासलं. शंभरातल्या साधारण १८ जणांना काही ना काही दुखणं होतं, गुडघ्यासारखी सांध्यांची झीज ६ च्या आसपास, आणि आमवात म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते, तो फक्त अर्धा टक्का. हेच प्रमाण धरलं तर ४०० मोठी माणसं राहतात अशा सोसायटीत सत्तरेक जण दुखतंय म्हणतील आणि त्यातल्या दोघांना आमवात असेल. ते दोघं शोधायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

आणि गाव निरोगी, शहर आजारी असंही नाही बरं का. नंतर पुणे शहरातही त्याच पद्धतीने सर्व्हे झाला, तिथे दुखणं भिगवणपेक्षा जास्त निघालं नाही. शेतात वाकून काम, डोक्यावर ओझं, ह्याचाही सांध्यांना त्रास असतोच. शहरातलं दुखणं बरंचसं बसून राहण्याचं, वजनाचं, झोप आणि ताणाचं असतं, व्यायामाने आणि बसायची पद्धत सुधारून ते खूप कमी होतं, त्याला संधिवात म्हणून घाबरू नका.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या बाजूची. पंचविशीतला आयटीतला मुलगा येतो, कंबर दुखते, सगळे म्हणतात खुर्चीमुळे. पण पहाटे दुखण्याने जाग येत असेल, आराम केल्यावर वाढत असेल आणि चालल्यावर बरं वाटत असेल तर ते स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांना सूज आणणारा वाताचा आजार, असू शकतं, कारण साधी कंबरदुखी बहुतेक वेळा आरामाने कमी होते. आणि बायकांचं तर विचारूच नका, जगभरात आमवाताच्या पेशंटमध्ये साधारण ७० टक्के बायका आहेत, तरी घरात उत्तर एकच, काम जास्त झालं असेल, बाम लाव. अशा कितीतरी जणी माझ्याकडे येतात तेव्हा वर्ष-दीड वर्ष पेनकिलरवर काढलेलं असतं, आणि ह्या आजारात सांध्यांचं कायमचं नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होतं. औषधं वेळेत चालू झाली तर बहुतेकांचं आयुष्य नीट चालतं हो, म्हणून जीव तुटतो.

अजून एक, दुखतंय म्हणून आपल्याच मनाने लॅबमध्ये जाऊन संधिवाताचं पॅकेज करू नका. आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठी करतात ती रक्ततपासणी, धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतो आणि आमवात असून निगेटिव्हही येतो. एएसओ टेस्ट, म्हणजे घशाला जंतुसंसर्ग होऊन गेला का ते बघणारी रक्ततपासणी, मोठ्यांच्या सांधेदुखीत फारशी कामाची नाही, युरिक अॅसिड थोडं वाढलं म्हणजे गाऊट (युरिक अॅसिडचे खडे सांध्यात साठून होणारा वात) झाला असंही नाही. आधी डॉक्टरांचा हात सांध्यांवर पडू दे.

आईंच्या गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं, सुरुवात इथून करा. मावशींचं मात्र थांबवू नका. बोटं अर्धा-एक तास सुटत नसतील, दोन्ही हातांना असेल, सूज असेल, तर सरळ ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे वाताच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्या. त्यांनी मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी दिली तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार लिहून ठेवा. आणि जायच्या आधी सुजलेल्या बोटांचे सकाळी उठल्या उठल्या फोटो काढा, कारण अपॉइंटमेंट बहुतेक दुपारची किंवा संध्याकाळची मिळते आणि तोपर्यंत सूज बऱ्यापैकी उतरलेली असते.