कॉकपिटमध्ये फोन की ई-रीडर?

प्रश्न : हडपसरला ग्लायडिंग (बिनइंजिनाचे विमान उडवणे) शिकतो. एक्ससोअर या ग्लायडिंगच्या नकाशा-ॲपसाठी अँड्रॉइड फोन घ्यावा की कोबो ई-रीडर?

उत्तर : आधी पडदा पाहा. कॅनोपीखालच्या (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाखालच्या) उन्हात साधा फोन फिका दिसतो. ब्राइटनेस वाढवला की तापतो आणि स्वतःच पडदा मंद करतो. पोलराइज्ड गॉगल घालून फोन आडवा-उभा फिरवा, काही फोनचा पडदा एखाद्या दिशेत काळा पडतो. कोबोचा ई-इंक (कागदासारखा दिसणारा) पडदा उन्हात उत्तम वाचता येतो, बॅटरीही कमी खातो; पण त्यात जीपीएस नाही, बाहेरून जोडावा लागतो. शिकाऊला तेवढी यातायात कशाला? फोनच घ्या.

फोन चार्ज करायला ग्लायडरच्या बॅटरीच्या १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारा स्वस्त कन्व्हर्टर रेडिओत खरखर आणू शकतो, जमिनीवरच तपासा. चुंबकी स्टँड होकायंत्राजवळ नको. फोन बसवल्यावर स्टिक (विमान चालवायचा दांडा) पूर्ण फिरवून पाहा, कुठे अडायला नको.