आधी नंबर शोधा, रंग नंतर

गराज सेलमधून बसून चालवायचा जुना मोअर (गवत कापायचं यंत्र) घेतलात आणि इंजिन हाताने फिरतंय? मग निम्मं काम झालंच. फक्त रंगाचा डबा इतक्यात आणू नका. नवशिके तिथेच घसरतात. माझा पहिला मोअर चकाचक दिसायचा, पण उन्हाळाभर ढकलतच फिरवला!

आधी ओळख पटवा. क्राफ्ट्समन हे नाव २०१७ पर्यंत सीअर्स या अमेरिकन दुकानसाखळीचं होतं, बनवणारे वेगवेगळे. सीटखालच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर २४७ ने सुरू होत असेल तर तो एमटीडी कंपनीचा, ५०२ असेल तर मरे कंपनीचा. पूर्ण नंबराशिवाय पार्ट मागवलात की चुकीचा बेल्ट आलाच म्हणून समजा. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर पत्र्याच्या कव्हरवर मॉडेल, टाइप, कोड ठोकलेले असतात. त्यावरचा काळा चिकट मळ जुन्या टूथब्रशने खरवडा. कोड ७८०५१२ ने सुरू होत असेल तर इंजिन १२ मे १९७८ चं.

मग एवढंच:

- ब्लेडजवळ हात घालण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढा. प्रत्येक वेळी.
- ऑइल बघितल्याशिवाय स्टार्टर मारू नका.
- टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. वार्निशसारखा वास आला तर कार्ब्युरेटरचा बाऊलही (खालची वाटी) चिकटलेला असणार, तो उघडून धुवा.
- बेल्ट सोडवण्याआधी फोटो काढा. पुलीवरून तो कसा गेला होता, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

व्हॉल्व्ह, रिंगा यांना सध्या हात लावू नका. सुरू झाल्यावर धूर निळा येतो की काळा, ते कळवा.