ब्रेकडान्सच्या स्पर्धांवर पोट भरतं का, की शेवटी शिकवावंच लागतं?

बहुतेकांना शिकवावं लागतंच, आणि त्यात कमीपणा काही नाही. बॅटलचं, म्हणजे समोरासमोरच्या नाचाच्या सामन्याचं, बक्षीस वरच्या एकदोघांना मिळतं. प्रवास, राहणं, फिजिओ हा खर्च मात्र हरणाऱ्यालाही चुकत नाही. २००४ पासून होणाऱ्या रेड बुल बीसी वनसारख्या स्पर्धेत नाव झालं तर प्रायोजक, जाहिराती, परीक्षक म्हणून बोलावणी येतात. तिथवर पोचणारे मोजकेच.

ऑलिम्पिकच्या भरवशावर तर राहूच नका. २०२४ ला पॅरिसमध्ये जपानच्या आमीने आणि कॅनडाच्या फिल विझार्डने सुवर्ण जिंकलं खरं, पण २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीत ब्रेकिंग (म्हणजे ब्रेकडान्सच) नाही.

शिकवण्याचं कसब मात्र वेगळं. सिक्स-स्टेप (हात टेकवून सहा पावलांत जमिनीलगत गोल फिरणं) झोपेतही करणाऱ्याला समोरच्याचं कुठे अडतंय ते दिसेलच असं नाही. नवशिक्याचा हात टेकतो, पण खांदा मनगटाच्या मागे राहतो. वजन पायांवरच अडकतं आणि पाय फिरायला मोकळा होत नाही. बेबी फ्रीझमध्ये (हात आणि डोकं टेकवून अंग स्थिर तोलायची पोझ) कोपर पोटाच्या कडेला रुतवायचं सोडून मंडळी नुसत्या दंडाच्या जोरावर अंग तोलायला बघतात. हे चटकन ओळखून एका वाक्यात सुधारणाऱ्याचा क्लास भरतो, मग ट्रॉफ्या चार कमी का असेनात.

त्यामुळे मनगटं आणि गुडघे कुरकुरायची वाट बघू नका. स्पर्धा ऐन भरात असतानाच एखादी बॅच घ्यायला लागा, शक्यतो लहान मुलांची. मोठ्यांना (हे माझं मत) पहिल्याच आठवड्यात हेडस्पिन, म्हणजे डोक्यावर गरगर फिरणं, हवा असतो.