'असायलम'चं मराठी: शरण, आश्रय की कौल?

प्रश्न असा आहे: "युरोपात शरणार्थी मुलांच्याही बोटांचे ठसे घेणार, असं एका वर्तमानपत्रात वाचलं. दुसऱ्यात त्याच मुलांना निर्वासित म्हटलं होतं, तिसऱ्यात थेट घुसखोर. नेमका शब्द कोणता? आणि बायोमेट्रिक्सला मराठी शब्द आहे का?"

आधी घुसखोर निकालात काढू, कारण तो आता ऐकवत नाही. 'खोर' हा फारसी प्रत्यय, मूळ अर्थ खाणारा. मराठीत तो माणसाची खोड दाखवतो: भांडखोर, चहाडखोर, लाचखोर. जीव वाचवायला एकदा सीमा ओलांडलेल्या माणसाला तो चिकटवला की सीमा ओलांडणं हा त्याचा स्वभावच ठरतो. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं ३१ वं कलम याच्या उलट आहे. धोक्याच्या प्रदेशातून थेट आलेला माणूस विनापरवाना शिरला, पण विलंब न लावता अधिकाऱ्यांसमोर हजर झाला आणि त्याने सबळ कारण दाखवलं, तर त्या शिरण्याबद्दल त्याला शिक्षा करायची नाही.

बातम्यांमधला घोळ बराचसा 'हिट' या शब्दामुळे होतो. युरोडॅक ही युरोपीय संघाची ठशांची मध्यवर्ती नोंदवही २००३ च्या जानेवारीत सुरू झाली. जुन्या नियमाने १४ वर्षं आणि त्यापुढच्या अर्जदारांच्या दहाही बोटांचे ठसे त्यात जात. २०२४ च्या नव्या नियमाने वय ६ वर आणलं, चेहऱ्याचं छायाचित्र जोडलं आणि अंमलासाठी १२ जून २०२६ ही तारीख ठरवली. ठसे जुळले की पडद्यावर हिट येतो आणि आपल्याकडे मथळा होतो, "डेटाबेसमध्ये घुसखोर सापडला". हिटचा अर्थ एवढाच की या माणसाचे ठसे आधी कुठेतरी घेतले गेले आहेत. नोंदीच्या सुरुवातीला देशाची अक्षरं आणि एक अंक असतो: १ म्हणजे तिथे आश्रयाचा अर्ज केला, २ म्हणजे बाहेरची सीमा विनापरवाना ओलांडताना सापडला, ३ म्हणजे देशात बेकायदा राहताना आढळला. 'आयटी२' म्हणजे इटलीच्या सीमेवर ठसे घेतलेला. अर्ज कोणत्या देशाने तपासायचा हे त्यावरून ठरवतात. यात गुन्हा शाबीत होण्याचा संबंध नाही. मराठीत 'पूर्वनोंद' लिहा, काम भागतं.

आता निर्वासित. निर् + वस्, प्रयोजक, कर्मणि भूतकालवाचक: ज्याला वसतीबाहेर घालवलं गेलं तो. क्रिया आधीच घडून गेली आहे. कायदाही असंच मानतो: कार्यालयाने शिक्का मारला म्हणून कोणी निर्वासित होत नाही, तो असतो म्हणून शिक्का मारायचा. अर्जाचा निकाल लागायचा असेल तोवर 'आश्रयार्थी' म्हणा. स्थलांतरित हा शब्द ऊसतोड मजुरालाही चालतो, म्हणून इथे उपयोगाचा नाही.

राहिला 'शरणार्थी'. हिंदीत तो बिनघोर चालतो, कारण हत्यार टाकण्याला तिथे 'आत्मसमर्पण' हा वेगळा शब्द आहे. मराठीत मात्र नक्षलवादी 'शरण येतो' आणि हरलेला राजाही 'शरण जातो'. त्यामुळे मराठी कानाला शरणार्थी हा हार पत्करलेला वाटतो. वास्तविक शरण म्हणजे घर. 'शरणं गृहरक्षित्रोः' असं अमरकोश सांगतो: घर आणि रक्षणकर्ता. संस्कृत कोशकार तो 'शॄ', म्हणजे फाडणं, इजा करणं, या धातूपासून काढतात आणि "ज्याने दुःख नष्ट होतं ते" अशी ओढाताण करतात. ती मला मुळीच मान्य नाही. शरणच्या शेजारी 'शर्मन्' ठेवून पाहा, अर्थ निवारा आणि सुख. निवाऱ्याला निवाऱ्याचंच मूळ असताना फाडाफाडीचा धातू कशाला?

पण खरी गंमत इंग्रजी 'असायलम'च्या, म्हणजे परक्या देशाने दिलेल्या आश्रयाच्या, मूळ ग्रीक शब्दात आहे. 'असिलोन': अ म्हणजे नाही, 'सिलोन' म्हणजे हिसकावून घेण्याचा, जप्तीचा हक्क. दुसऱ्या नगरातल्या कोणाचं देणं वसूल करायला त्या नगरातला जो कोणी हाती लागेल त्याचा माल ओढून घेण्याची ग्रीक नगरांत रीत होती. त्यातून एखाद्याला किंवा अख्ख्या नगराला सूट देत, ती असिलिया. टीऑस नगराला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या अखेरीस अनेक नगरांनी दिलेली अशी सूट दगडावर कोरलेली आहे. म्हणजे असायलमचा मूळ अर्थ जप्तीपासून मोकळीक!

आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याने छोट्या बोटींतून आलेल्यांचे मोबाईल सरसकट जप्त केले, पासवर्ड मागितले. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. जर्मनीने २०१७ मध्ये कायदाच केला: ओळखपत्र नसेल तर मोबाईल वाचायचा. कॉल कोणत्या देशांत, संदेश कोणत्या भाषेत, फोटो कुठले, यावरून मूळ देशाचा अंदाज. जुना विकत घेतलेला किंवा घरात चौघांनी वापरलेला फोन असला की अंदाज फसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की इतर कागद न पाहता सुरुवातीलाच फोन वाचणं बेकायदा आहे. आश्रयाचे अर्ज तपासणाऱ्या जर्मन कार्यालयात बोली ओळखणारी प्रणालीही आहे: माणसाला थोडा वेळ बोलायला लावायचं, यंत्र अरबीच्या बोलींची टक्केवारी देतं. बोली सीमेवर थांबत नाही, हे बेळगाव आणि चंदगड शेजारी असलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

'जप्त' हा अरबी 'ज़ब्त', ताब्यात धरणं. त्याच धातूचा दुसरा मराठी वंशज 'जाबता': मराठेशाहीच्या दफ्तरात यादी, नेमणुकीचे नियम. जप्ती आणि जाबता सख्खी भावंडं आहेत! यादीत घेणं आणि ताब्यात घेणं एकाच मुळाचं. युरोडॅक हा जाबता, मोबाईल काढून घेणं ही जप्ती, आणि दोन्ही असायलमच्या दारातच उभी. तंत्रज्ञानावरच्या चर्चेत हे कोणीच बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझा आग्रह 'कौल' या शब्दाचा. अरबी 'क़ौल', दिलेला शब्द. दुष्काळाने, स्वाऱ्यांनी परागंदा झालेल्या रयतेला (परागंदा म्हणजे फारसीत विखुरलेला, निर्वासिताला इतका जवळचा शब्द दुसरा नाही) कौलनामा देऊन बोलावत, अभय देत आणि सारा इस्ताव्याने, म्हणजे वर्षागणिक थोडा थोडा चढवत घेत. आक्षेप येईल की कौल राजा सारा वसुलीसाठी देई आणि आता कौल म्हणजे निवडणुकीचा निकाल. असू दे. देवीला लावलेला कौल असो की जनतेचा, मुळात तो दिलेला शब्दच आहे. 'आश्रय'मध्ये फक्त टेकायला जागा मिळते, श्रि धातूच टेकण्याचा. कौलात देणारा बांधला जातो.

बायोमेट्रिक्सला 'जैवमिती' छापतात, त्यातून वाचकाला काहीच दिसत नाही. जे घेतलं ते लिहा: ठसे, बुबुळ, चेहरा. फरक महत्त्वाचा आहे. जॉर्डनमध्ये सीरियन निर्वासितांना मदतीचे पैसे बुबुळ दाखवून मिळू लागले. गवंड्याच्या, शेतमजुराच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, भाजलेल्या किंवा कापलेल्या बोटांचा ठसा यंत्र नाकारतं, आणि तसा ठसा न उठणं हा लपवाछपवीचा पुरावा नव्हे. बातमीत नुसतं 'बायोमेट्रिक अयशस्वी' लिहिलं तर यातलं काहीही कळत नाही.