वेलची-केशर क्रेम ब्रुले: जाळी, तळाशी पाणी आणि अंड्याचा वास

तुमची पोस्ट वाचली. वेलची-केशराचं क्रेम ब्रुले (बलक आणि क्रीमचं भाजलेलं कस्टर्ड, वर जाळलेल्या साखरेचा कुरकुरीत थर), १५० मिलीची चार रॅमेकिन (ओव्हनमध्ये चालणाऱ्या छोट्या वाट्या), नवा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन), १५० अंशांवर ४० मिनिटं. कडेला जाळी पडली, तळाशी पाणी सुटलं, अंड्याचा वास आला आणि वरची साखर पाहुण्यांपुढे जाईपर्यंत चिकट झाली. प्रतिसादांत कोणी कॉर्नफ्लोअर सुचवलंय, कोणी आणखी दोन बलक. दोन्ही करू नका. हे दुखणं माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे. तुमच्या कृतीत फारसं काही चुकलेलं नाही, गडबड ओव्हनच्या बटणात आहे.

बलक वेगळे करणं, गरम क्रीम थोडं थोडं घालत ढवळणं, गाळणं हे सगळं तुम्हाला येतंय असं दिसतं. त्यावर वेळ घालवत नाही.

जाळी पडते ती अशी. दूध, क्रीम आणि साखर मिसळलेला बलक साधारण ७७ ते ८० अंशांना सेट होतो. ८५च्या पुढे गेला की प्रथिनं आक्रसतात आणि धरून ठेवलेलं पाणी सोडून देतात. पाणी तळाला जातं, मागे भोकं राहतात. खरवसाला जाळी पडली की आपण कौतुकाने खातो, इथे तीच जाळी म्हणजे बिघाड. उग्र वासही बराचसा या जास्तीच्या उष्णतेचाच असतो. उरलेला वास बलकाला चिकटून आलेल्या पांढऱ्याचा, म्हणून गाळणी बारीक हवी.

म्हणजे हातात जेमतेम पाच-सात अंशांची मोकळीक. आता ओटीजीचं बटण बघा. आतला साधा थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा भाग) बहुधा कडेच्या पत्र्याजवळ बसवलेला असतो, आणि तो तापणारे रॉड चालू-बंद करत राहतो. बटण १५०वर असताना ट्रे ठेवायच्या मधल्या जाळीवर १३० असू शकतं, १८०ही असू शकतं. शिवाय बऱ्याच ओटीजींत बाहेरचा लाल दिवा टायमर चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो. त्यावरून ओव्हन तापला की नाही ते कळत नाही.

कंपनीच्या सेवाकेंद्राकडून फार आशा ठेवू नका. एका कंपनीचा (नाव घेत नाही) अनुभव एवढाच की माणूस येतो, रॉड लाल होतोय ना ते बघतो, 'चालू आहे' असं कागदावर लिहितो आणि सही घेऊन जातो. आतलं तापमान मोजायचं साधन त्याच्याकडे नसतंच. मोजा म्हटलं तर 'केक होतो ना मॅडम?' केक होतोच. केकला वीस अंश इकडेतिकडे झालेले चालतात, कस्टर्डला चालत नाहीत. या तक्रारीपायी नाहक वाया गेलेला वेळ आणि अंडी आठवली की अजून चिडचिड होते. असो. सगळीकडे असंच असेल असं नाही, पण तुम्ही आधी स्वतः मोजून घ्या.

ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. पुण्यात बोहरी आळीत बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत बघा, नाहीतर ऑनलाइन आहेच. मधल्या जाळीवर, जिथे ट्रे येणार तिथेच ठेवा. बटण १५०वर करून अर्धा तास जाऊ द्या. मग दार न उघडता काचेतून पंधरा मिनिटं आकडा बघत राहा. वर किती जातो, खाली किती येतो, दोन्ही लिहून ठेवा. सरासरी १४५ ते १५० येईल तिथे बटणावर पेनने खूण करा. तुमच्या ओव्हनचं खरं १५० तेच.

दुसरा थर्मामीटर टोकदार, पदार्थात खुपसायचा. तो तपासताना पुण्यात एक गोष्ट सांभाळा. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळत्या पाण्यात १०० दिसलं म्हणून खूश होऊ नका, तो थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवतोय. बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्यात ९८ आलं तर बरोबर. आपली मोकळीकच इतकी थोडी असल्यावर दोन अंश सोडून चालत नाही.

कस्टर्डच्या मध्यभागी ७७-७८ दिसलं की लगेच बाहेर काढा. रॅमेकिन गरम पाण्यातूनही उचला, कारण बाहेर आल्यावरही आतलं तापमान दोन-तीन अंश चढतं. ४० मिनिटं हा आकडा विसरा. वाटी उथळ की खोल, मिश्रण गरम ओतलं की गार, पाणी किती तापलेलं होतं, यावर २५ मिनिटंही लागतील आणि ५०ही. मी विसाव्या मिनिटापासून बघायला सुरुवात करा म्हणेन. थर्मामीटर नसेल तर वाटी हलकेच हलवा. कडा स्थिर आणि मधला दोन बोटं रुंदीचा भाग डुलता हवा. मध्यही घट्ट दिसला तर उशीर झालाय. थर्मामीटरच्या भोकाची काळजी नको, वर साखर येणारच आहे.

रॉड फक्त खालचा. छोट्या ओटीजीत वरचा रॉड वाटीच्या इतका जवळ असतो की कस्टर्ड शिजण्याआधी साय धरते. पंखा असेल तर बंद. ट्रेमध्ये जुना पंचा घडी करून पसरा, त्यावर वाट्या, आणि उकळी न आलेलं कडकडीत पाणी वाट्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत. फॉइल झाकायची तर एकेका वाटीवर सैल झाका. सगळा ट्रे फॉइलने घट्ट बंद करायचा सल्ला फार दिसतो, मला तो पटत नाही. वाफ कोंडली की पाणी उकळायला लागतं, आणि पाणी उकळू नये म्हणूनच तर हा खटाटोप. तुमच्या वर्णनावरून तुम्ही तेच केलं असावं.

आणि गुरुवारी भाजायला घेऊ नका, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात ती बहुधा त्याच दिवशी. निम्म्यात वीज गेली तर पुढचा अंदाज कशावरून बांधणार?

प्रमाण, तुमच्या चार वाट्यांसाठी: ३० टक्के किंवा त्याहून जास्त स्निग्धांशाचं क्रीम ४०० मिली, म्हशीचं दूध १०० मिली, ५ बलक, ६० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. परदेशी कृतीत ४ बलक लिहिलेले असतात, पण त्यांची अंडी मोठी. आपल्याकडच्या अंड्यांना एक जास्त धरावा. २५ टक्क्यांचं साधं फ्रेश क्रीमच मिळालं तर दूध वगळा, ५०० मिली क्रीम आणि ६ बलक घ्या. थोडं कमी मखमली होईल, पण होईल. केक सजवायचं गोठवलेलं व्हिपिंग क्रीम मात्र अजिबात नको. त्यातलं बरंचसं वनस्पती तेल आणि साखर असते. पाकिटावर दुधाचा स्निग्धांश लिहिलाय का ते वाचून घ्या.

आता स्वाद. वेलचीची पूड घालू नका, ती तळाला बसते आणि शेवटचा घास कडवट लागतो. ६-७ वेलच्या सालासकट ठेचून गरम क्रीममध्ये २० मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. केशर वेगळ्या दोन चमचे कोमट दुधात. कॉफी हवी असेल तर भाजलेल्या बिया जाडसर कुटून २५ ग्रॅम, याच पद्धतीने. गाळल्यावर क्रीम पुन्हा मोजा, कमी भरतं. तेवढं दूध घाला.

फळांबाबत जरा सावध. कच्चं आलं, ताजं अंजीर, अननस यांच्यातली विकरं (एन्झाइम) प्रथिनं तोडतात, कस्टर्ड सेटच होत नाही. त्यांना आधी उकळी द्यावी लागते. पुरंदरचं सीताफळ कितीही मोहात पाडो, त्याचा गर तापवला की कडू होतो. तो गार कस्टर्डसोबत बाजूला वाढा. हापूसचंही मी तेच म्हणेन, नाहीतर रसाचं पाणी आणि आंबटपणा दोन्ही सांभाळत बसावं लागतं. लिंबू-संत्र्याची फक्त साल किसून, रस नाही.

अंड्याशिवाय होईल का, असं खाली एकाने विचारलंय. दूध आटवून, चक्का घालून भाजलेला गोड पदार्थ छान होतो, जरूर करा. पण तो आंबटपणाने आणि दह्याच्या प्रथिनांनी धरतो, त्याला हे नियम लागू नाहीत.

राहिली साखर. आपली साखर दाणेदार, ती सरळ पेटवली की निम्मे दाणे जळतात, निम्मे तसेच राहतात. मिक्सरवर एकदाच फिरवा, अगदी पीठ नको. बाजारची आयसिंग शुगर नको, तिच्यात बहुधा स्टार्च असतो. कस्टर्ड किमान चार तास फ्रिजमध्ये गार झालेलं हवं. वर दव धरलं असेल तर टिश्यूने टिपा, कारण चिकटपणाची सुरुवात तिथूनच होते. एक सपाट चहाचा चमचा साखर पसरून टॉर्चने (स्वयंपाकातला, गॅसच्या ज्योतीचा) जाळा, मग तेवढाच दुसरा थर. ज्योत एका जागी धरू नका. ओटीजीच्या वरच्या रॉडखाली हे काम होत नाही, साखर वितळेपर्यंत कस्टर्ड पुन्हा शिजतं. टॉर्च नसेल तर पॅनमध्ये कॅरमेल करून सिलिकॉन शीटवर पातळ ओता, गार झाल्यावर तुकडे करून वर ठेवा. ज्वलंत नाट्य हुकतं, कुरकुरीतपणा मिळतो.

पावसाळ्यात हा थर अर्ध्या तासात ओल धरतो, आणि जाळल्यावर परत फ्रिजमध्ये ठेवलात तर त्याहूनही लवकर. तुमचे आठ जण रविवारी दुपारी येताहेत ना? शनिवारी संध्याकाळी चार-चारच्या दोन खेपा भाजा. एका ट्रेमध्ये आठ कोंबल्या तर मधल्या कच्च्या राहतील. झाकून फ्रिजमध्ये ठेवा, कापलेल्या कांद्यापासून लांब. साखर पेटवायची ती जेवणाची ताटं उचलल्यावर. उरलेले दहा पांढरे डब्यात तारीख घालून फ्रीझरला टाका.