वाचकांचे प्रश्न : राहिलेला बिघाड, टळलेले लँडिंग आणि वरच्या कप्प्यातली बॅग

प्रश्न : मे महिन्यात मी आणि माझे यजमान बडोद्याहून दिल्लीला निघालो होतो. हरणीच्या विमानतळावर आम्ही विमानात बसलो आणि पुढचा तासभर वातानुकूलन बंद होते. लहान मुले रडत होती. शेपटीतले छोटे इंजिन चालत नाही, असे कॅप्टनने सांगितले. मग एक इंजिनिअर आला, त्याने वहीत काही लिहून सही केली आणि दुरुस्ती न होताच विमान उडाले. अहमदाबादच्या अपघातापासून मनात धास्ती आहे. बिघाड ठाऊक असताना विमान उडवणे हा आमच्या जिवाशी खेळ नव्हे काय?
— एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : मे महिन्यातल्या दुपारी बंद विमानात बसून राहणे किती त्रासाचे असते हे मी जाणतो, आणि त्या तासाभरात कोणीतरी तुमच्याशी नीट बोलायला हवे होते असे माझेही मत आहे. मात्र त्या इंजिनिअरने वहीत जे लिहिले ते समजून घेतले, तर तुमची भीती बरीच कमी होईल.

शेपटीतल्या त्या छोट्या इंजिनाला आम्ही विमान-देखभाल करणारे ‘एपीयू’ म्हणतो. विमान पुढे ढकलण्याचे काम त्याच्याकडे नसते. विमान जमिनीवर उभे असताना ते वीज आणि दाबाखालची हवा पुरवते. त्या हवेवर वातानुकूलन चालते आणि मुख्य इंजिनेही सुरू होतात. मुख्य इंजिने एकदा चालू झाली की वीज आणि हवा दोन्ही त्यांच्याकडून मिळतात. म्हणूनच एपीयू बंद असलेले विमान उभ्याउभ्या तापते आणि इंजिन सुरू करण्यासाठी बाहेरून हवेची गाडी जोडावी लागते. उडाल्यावर मात्र तुम्हाला गारवा मिळाला असेल.

आता त्या वहीविषयी. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी ‘मिनिमम इक्विपमेंट लिस्ट’ नावाची एक यादी असते. तिला आम्ही एमईएल म्हणतो. कोणते उपकरण बंद असताना विमान उडू शकते, कोणत्या अटींवर आणि किती दिवस, हे तिच्यात लिहिलेले असते. विमान कंपनीला आपली यादी त्या प्रकारच्या विमानाच्या मूळ यादीपेक्षा कडक करता येते, सैल करता येत नाही, आणि तिला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी लागते. काही बिघाडांना ३ दिवसांची मुदत असते, काहींना १० दिवसांची, अगदी किरकोळ गोष्टींना १२० दिवसांची. इंजिनिअर बिघाडाची नोंद करतो, कॉकपिटमध्ये त्या बटणाशेजारी ‘बंद’ अशी चिठ्ठी चिकटवतो आणि सही करतो. कॅप्टन ती नोंद वाचतो, आणि त्या दिवशीचे हवामान व मार्ग पाहून हे विमान नको, असे म्हणण्याचा अधिकार त्याला असतो.

या यादीमागचा विचार असा, की एक गोष्ट आधीच बंद असताना उड्डाणात आणखी एक बिघडली, तरी विमान सुखरूप उतरले पाहिजे. म्हणून एका उपकरणाला सूट देताना दुसरे अमुक उपकरण चालू असलेच पाहिजे, अशी अट पुष्कळदा जोडलेली असते. एपीयू निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्षी धडकून दोन्ही इंजिनांची शक्ती गेली, तेव्हा कॅप्टन सुलेनबर्गर यांनी पहिल्या काही सेकंदांतच एपीयू चालू केले. त्यामुळे विमानाचा वीजपुरवठा टिकला, त्यांनी ते हडसन नदीवर उतरवले आणि सर्वच्या सर्व १५५ जण वाचले. अशा उपयोगाचे यंत्र बंद ठेवण्याची परवानगी मोजक्या दिवसांची असते ती याचसाठी. परवानगी म्हणजे दुरुस्ती नव्हे. एकच बिघाड पुनःपुन्हा नोंदला जाऊन मुदतीच्या काठावर ढकलला जात असेल, तर मला त्याची चिंता वाटते. तुम्ही पाहिलेल्या एका सहीची वाटत नाही.

मला खरे भय वाटते ते नोंदच न झालेल्या चुकीचे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची एक काच सुमारे १७,००० फुटांवर निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साउथहॅम्प्टनला उतरवले, आणि कॅप्टनसह सगळे जगले. चौकशीत आढळले, की ती काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधीच, रात्रपाळीत, बदलली होती आणि तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ व्यासाने ०.०२६ इंच, म्हणजे सुमारे ०.६६ मिलीमीटर, लहान होते. बदलणाऱ्या अनुभवी माणसाने नवे बोल्ट जुन्याशी ताडून, डोळ्यांनी निवडले होते. सुट्या भागांच्या सूचीतला क्रमांक पाहिला नव्हता. काम त्याचे आणि सहीही त्याचीच, कारण त्या काचेसाठी दुसऱ्या माणसाने तपासणी करण्याची सक्ती तेव्हा नव्हती. बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या संस्थेत, शिकत असताना कार्यशाळेच्या पहिल्या आठवड्यात आमच्यापुढे सारखे दिसणारे दोन स्क्रू ठेवून, आधी नजरेने आणि मग मायक्रोमीटरने फरक सांगा, असे म्हणत. नजरेने सांगताना वर्गातले बहुतेक चुकले होते, मीही.

पुढे नोकरीत एकदा पॅनेल बंद करण्यापूर्वी हत्यारे मोजताना माझ्या पेटीतला एक पाना कमी भरला. प्रवासी बसलेले होते, वरिष्ठांचे फोन येत होते, पण तो पाना मिळेपर्यंत मी सही केली नाही. चाळीस मिनिटांनी तो सहकाऱ्याच्या ओव्हरऑलच्या खिशात निघाला. त्या प्रवाशांना उशिराचे कारण कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही, आणि ते सांगायला हवे होते.

अहमदाबादच्या १२ जून २०२५च्या अपघातात विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे गेली. बडोद्यातल्या घराघरांत त्या दिवशी फोन वाजत होते. प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. तेवढ्यावरून कोणा माणसावर ठपका ठेवणे मी अन्यायाचे मानतो, आणि तुमच्या त्या एपीयूशी त्याची सांगड घालण्यास आधार नाही.

प्रश्न : ऑगस्टमध्ये मुंबईहून बडोद्याला येताना चाके बाहेर आली होती, धावपट्टीचे दिवे दिसत होते आणि अचानक विमान मोठा आवाज करत पुन्हा वर गेले. दहा मिनिटे कोणी काही बोलले नाही. वैमानिक नवशिका असावा, असे शेजारचे काका म्हणाले. खरे काय असते? इंधन संपले असते तर?
— एक विद्यार्थी, प्रतापनगर, बडोदे

उत्तर : याला गो-अराउंड म्हणतात, आणि काकांना माझा निरोप सांगा, की तो निर्णय घेणारा वैमानिक मला अतिशय भरवशाचा वाटतो. उतरताना विमानाचा वेग, उतार, दिशा, चाके आणि पंखांना जोडलेल्या फ्लॅप नावाच्या हलत्या पट्ट्या ठरावीक उंचीवर, ढगाळ हवेत साधारण १,००० फुटांवर, ठरल्याप्रमाणे जमलेले असावे लागतात. ते जमले नसेल, किंवा पुढच्या विमानाने धावपट्टी मोकळी केली नसेल, तर ‘बघू, जमेल’ असे म्हणायचे नाही, वर जायचे. इंधनाचा हिशोब निघण्यापूर्वीच केलेला असतो : बडोद्याला उतरता आले नाही तर ठरलेल्या पर्यायी विमानतळावर, समजा अहमदाबादला, पोहोचण्यापुरते आणि त्यावर आणखी ३० मिनिटे घिरट्या घालण्यापुरते.

गप्प राहण्याचे कारण कामांच्या क्रमात आहे. आधी विमान सांभाळायचे, मग कुठे जायचे ते पाहायचे, आणि त्यानंतर बोलायचे, असे वैमानिकाला शिकवलेले असते. वर जाताना चाके आत घेणे, उंची, वळण, नियंत्रण कक्षाशी संपर्क, ही कामे दोघांमध्ये वाटलेली असतात, आणि तुमच्याशी बोलणे त्या रांगेत शेवटी येते.

पण तुझ्या प्रश्नात याहून मोठी गोष्ट दडलेली आहे, आणि तिच्यावर मी थोडा थांबणार आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरला विमान फार उंचावरून उतरत होते. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो-अराउंड’ म्हटले. त्याआधी प्रवासाचा बराच भाग झोपेत काढलेल्या कॅप्टनने उतरणे चालूच ठेवले, विमान टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या, धावपट्टीच्या पलीकडे दरीत गेले आणि १६६ पैकी १५८ जण मेले. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोझिकोडला पावसात पुन्हा तेच घडले : धावपट्टीचे जवळजवळ अर्धे अंतर संपल्यावर चाके टेकली, सहवैमानिकाची गो-अराउंडची सूचना मानली गेली नाही, आणि २१ जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक. दोन्ही वेळा योग्य शब्द कॉकपिटमध्ये उच्चारला गेला होता. आपल्या घरांत मोठ्यांना उलट बोलू नये असे शिकवतात. घरात ते शोभते, पण कॉकपिटमध्ये तीच सवय घातक ठरते, कारण तिथे धाकट्याने स्पष्ट बोलावे आणि थोरल्याने ते तत्काळ मानावे, अशीच व्यवस्था आहे.

याची दुसरी बाजूही पाहा. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेडच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची चकती फुटली. टायटॅनियममधला मूळचा दोष आणि त्यातून वाढलेली भेग तपासणीत निसटली होती. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने विमान वळवणाऱ्या, यंत्रणा कापल्या, आणि सुकाणूच उरले नाही. कॅप्टन अल हेन्स यांनी अशा वेळी काय करायचे हे मलाही ठाऊक नाही, हे मोकळेपणाने मान्य केले आणि सगळ्यांना सुचवायला सांगितले. प्रवाशांत असलेले प्रशिक्षक वैमानिक डेनी फिच पुढे आले आणि दोन उरलेल्या इंजिनांची शक्ती कमी-जास्त करत त्यांनी विमान वळवले. ४४ मिनिटांनी ते सू सिटीच्या धावपट्टीवर आदळले. २९६ पैकी १८४ जण वाचले. त्या कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून वैमानिकांना एकमेकांचे ऐकण्याचे रीतसर शिक्षण दिले होते, आणि हेन्स यांनी पुढे त्याचे श्रेय वारंवार दिले.

प्रश्न : आपत्कालीन दरवाज्याने बाहेर पडताना हातातली बॅग घेऊ देत नाहीत. माझी हृदयविकाराची औषधे तिच्यातच असतात. मी काय करावे?
— एक ज्येष्ठ नागरिक, वाडी, बडोदे

उत्तर : बॅग सोडावीच लागेल, महाशय. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर धडकेनंतर पेटलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातून ३७९ जण बाहेर पडले आणि सगळे वाचले. घोषणा-यंत्रणा बंद पडली होती आणि आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले, तरी प्रवाशांनी सामानासाठी वाट अडवली नाही. अर्धे दरवाजे बंद असताना ९० सेकंदांत विमान रिकामे करता आले पाहिजे, ही विमानाला मंजुरी मिळण्याची कसोटी असते. तीत बॅग काढण्याचा वेळ धरलेला नसतो, आणि बॅगेच्या कडेने फुगलेली घसरगुंडी फाटू शकते. त्या दिवसापुरत्या गोळ्यांची पट्टी आणि औषधांची चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवा, चप्पल-बूट उतरेपर्यंत पायातच असू द्या, आणि बसल्यावर आपल्या जागेपासून पुढच्या व मागच्या दरवाज्यापर्यंत किती रांगा आहेत ते मोजून ठेवा, कारण धुरात त्या हाताने चाचपूनच जावे लागते.